कंसातलं बोलायचं नाही

बकारामच्या तोंडचे शब्द पूर्व विदर्भातल्या अर्ध्या झाडीपट्टीने ऐकले आहेत, पण दुसऱ्यांच्या तोंडून. कधी सासूच्या, कधी जमीनदाराच्या, कधी शेवटच्या अंकात मरणाऱ्या नायकाच्या. स्वतः बकाराम मात्र कोणाला दिसत नाही. तो नाटकाचा प्रॉम्प्टर आहे. स्टेजच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो, त्यावर तिरपं पत्र्याचं झाकण. त्यात मांडी घालून, मांडीवर वही आणि कानाशी बारका बल्ब घेऊन तो बसतो आणि नटांना वाक्यं पुरवतो.

झाडीपट्टीतली नाटकं म्हणजे आज या गावी तर उद्या त्या गावी. तालमीला वेळ कोणाला? नट एस्टीतून उतरतो, तोंडाला रंग लावतो आणि उभा राहतो. पुढचं सगळं बकारामवर. म्हणून त्याने आवाज असा कमावला, की तो नटापर्यंत पोचतो आणि पहिल्या रांगेतल्या सतरंजीच्या अलीकडेच विरून जातो. या आवाजाचा घरी काही उपयोग नाही. त्याची बायको सुशिलाबाई म्हणते, या माणसाने तीस वर्षांत मला हाक मारली असेल, पण मला ती कधी ऐकू आली नाही.

नवा नट कंपनीत आला की बकाराम त्याला एकच नियम सांगतो. कंसातलं करायचं, कंसाबाहेरचं बोलायचं. हा नियम त्याला एका खलनायकाने शिकवला. दरेकशाकडच्या एका गावात प्रयोग होता. वहीत लिहिलं होतं : (दात-ओठ खात) तुला सोडणार नाही. बकारामने घाईत सगळंच वाचलं आणि त्या पोराने छाती फुगवून सगळंच म्हटलं, ‘दात-ओठ खात तुला सोडणार नाही.’ लोकांना वाटलं, ही त्याची खास धमकी असेल. टाळ्या पडल्या. पुढची कित्येक वर्षं त्या गावातली पोरं भांडताना एकमेकांना तसंच म्हणत.

सवय अंगात मुरली की ती स्टेजवरून घरी येते. लग्नात भटजी मंत्रात अडला की मागून बकाराम पुरवतो. मयतीला गेलेला माणूस काय बोलावं म्हणून चुळबुळ करत असला की त्याच्या कानाशी हलकेच एक बरंसं वाक्य येतं. त्याच्या पोरीला, टीनाला, पाहायला पाहुणे आले तेव्हा नोकरीचा प्रश्न निघताच मुलगा गांगरला. त्याबरोबर खाटेमागून आवाज आला, ‘कायम झालो आहे.’ मुलाने ते म्हणूनही टाकलं. तो तेव्हा कायम झाला नव्हता. पुढे झाला. बकाराम म्हणतो, जन्मात तेवढं एकच वाक्य मी लवकर दिलं.

तर हा बकाराम गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन कसा झाला, त्याचीही गंमत आहे. ‘आमची चिंचबोडी’ हा ग्रुप विक्की नावाच्या पोराने काढला होता. त्याला पुण्यात काम मिळालं. जाताना ग्रुप कोणाला द्यावा, यावरच ग्रुपवर भांडण लागलं. वरच्या मोहल्ल्याला दिला तर खालचा मोहल्ला बाहेर पडणार, खालच्याला दिला तर वरचा. शेवटी विक्कीने डोकं लढवलं. गावात असा माणूस कोण, ज्याचं कोणाशीच भांडण नाही? एकच. आणि त्याचं कारणही सरळ होतं : दिवाळीपासून होळीपर्यंत तो खड्ड्यात असायचा, आणि उरलेल्या दिवसांत काय बोलतो ते कोणाला ऐकू जात नव्हतं.

अॅडमिन झाल्यावर बकारामने पहिलं भांडण सोडवायला सगळ्यांसमोर लिहिलं, ‘प्रेक्षकांनी कृपया शांतता राखावी.’ वरच्या मोहल्ल्याने विचारलं, तू खालच्यांकडून का? खालच्यांनी विचारलं, तुला वरच्यांनी चहा पाजला का? बकाराम मुकाट्याने आपल्या खड्ड्यात परतला. त्याला कळलं की स्टेजवर येणं हे आपलं काम नाही.

मग कोंबड्यांचं प्रकरण झालं. मनिरामच्या कोंबड्या रीताबाईंच्या वांग्यांत शिरल्या. रीताबाई अंगणवाडी चालवतात. दिवसभर लेकरांशी गोड बोलून त्यांचा गोडवा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की कोंबड्या आवरा, नाहीतर रस्सा करीन. मनिराम मोबाइल घेऊन उत्तर लिहायला बसला आणि ते उत्तर रीताबाईंच्या माहेरापर्यंत जाणार, हे त्याच्या आजवरच्या उत्तरांवरून ठरलेलंच होतं. तेवढ्यात त्याच्या फोनवर बकारामचा खाजगी मेसेज आला. आधी पाणी पी. मग हे टाक, तुझंच म्हणून : ‘रीताबाई, कोंबड्या माझ्या, पण नुकसान तुमचं. माझ्या कोंबड्यांनी आपल्या काळजावर ओरखडा उमटवला असेल तर मन आभाळाएवढं करा. सांजच्याला येतो.’

मनिरामने ते दोनदा वाचलं. आपल्या मनात इतकं चांगलं काही असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने टाकलं. संध्याकाळी तो जाळी घेऊन रीताबाईंकडे गेला, कुंपण बांधलं आणि येताना टोपलीभर वांगी घेऊन आला.

बकारामला जसा खजिनाच सापडला. राग आलेला माणूस म्हणजे घाईत एंट्री घेतलेला नट, त्याला आधी विंगेत ओढायचं, पाणी द्यायचं, मग वाक्य द्यायचं. तो एकेकाला गुपचूप वाक्यं पुरवू लागला. प्रत्येकाला वाटे, बकाराम फक्त आपल्यालाच सांगतो. बघता बघता ग्रुपचा नूर बदलला. जी माणसं आयुष्यात ‘हो’च्या पुढे गेली नव्हती, ती ‘आपल्या शब्दाचा मान राखतो’ लिहू लागली. सरपंच पाहुण्यांना सांगू लागले की आपल्या कारकिर्दीत गाव सुसंस्कृत झालं.

संशय फक्त सुशिलाबाईला आला. तिने एका सकाळी चुलीपुढे बसून ग्रुप वाचला आणि म्हणाली, ‘काय जी, हा मनिराम, तो मनिरामचा साळा आन् तो दूधवाला, तिघायच्याही काळजावर ओरखडाच कसा उमटून राहिला?’ बकारामने खरं सांगितलं. ती इतकी हसली की भात खाली लागला.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पण त्या वर्षी बकारामचा स्वतःचा जीव एका गोष्टीत अडकला होता.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकीबाळी, सोयरेधायरे येतात, दुकानं लागतात आणि रात्री नाटक होतं. चिंचबोडीच्या मंडईतही दरवर्षी नाटक व्हायचं, पण नेमकी त्या दिवशी बकारामची कंपनी दुसऱ्याच गावी असायची. त्यामुळे सुशिलाबाईने नवऱ्याचं काम एकदाही पाहिलं नव्हतं. शेजारच्या गावी प्रयोग असला की बायका चल म्हणायच्या. ती म्हणायची, नाही. आपल्या गावात होईल तेव्हाच, पहिल्या रांगेत बसून. तिचा हट्ट म्हणजे हट्ट. बकाराम चिडवायचा, मी दिसणार तर नाहीच, मग पाहशील काय? ती म्हणायची, ऐकीन.

बकारामच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकत होता. हा हंगाम शेवटचा, असं त्याने कंपनीला सांगितलं. वडशाचे कंपनीमालक चंद्रकुमार यांनी तेव्हा आपणहून चिंचबोडीच्या मंडईची तारीख राखून ठेवली. नाटकही बकारामच्या आवडीचं होतं, ‘उंबरठ्याने वाट अडवली’. सुशिलाबाईने नवं लुगडं काढून ठेवलं. बकाराम घरी वही घेऊन बसला की ती भांडी घासता घासता ऐकायची.

आणि मग देवानंदने ग्रुपवर एक फोटो टाकला.

देवानंदची गावालगत एक बांधी होती. बांधी म्हणजे धुऱ्याने, मातीच्या बांधाने, वेढलेलं धानाचं शेत. त्यात हलका, लवकर पिकणारा धान असायचा, मंडईच्या आत कापला जायचा, म्हणून नाटक त्याच बांधीत होई. लोकांना मागूनही दिसावं म्हणून जमीन उतरती खोदायची, आणि नाटक झालं की मंडई कमिटीने ती बुजवून द्यायची, असा रिवाज होता. गेल्या साली कमिटीने बुजवायला उशीर केला आणि वरवर बुजवलं. पावसाळ्यात त्या कोपऱ्यात पाणी साचून धान पिवळा पडला. फोटो त्या कोपऱ्याचा होता. खाली देवानंदने लिहिलं होतं, यंदा जागा मिळणार नाही.

कमिटीचा अध्यक्ष टेकचंद. त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. तो गिऱ्हाईक आणि मोबाइल एकाच वेळी सांभाळतो, त्यामुळे दोघांनाही अर्धं उत्तर मिळतं. त्याने लिहिलं, जागा दिली म्हणून नाटकाचे मालक झाले का? देवानंदने लिहिलं, मालक नाही, पण तुझं खत टाकूनही त्या कोपऱ्यात धान झाला नाही, त्यात मीठ भरतोस का? टेकचंदला राग आला की तो हिंदीत शिरतो. माल आणायला गोंदियाला जाऊन जाऊन त्याला ती सवय लागली आहे. तो ‘औकात’ या शब्दापर्यंत पोचला, तसे दोन्ही मोहल्ले बाह्या सरसावून आत उतरले. मध्येच कोणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं. त्याला दोन्हीकडून शिव्या बसल्या. तेवढ्यापुरती गावात एकी झाली.

रविवारी सकाळी चंद्रकुमारांचा फोन आला. जागा पक्की नसेल तर ही तारीख ते दुसऱ्या गावाला देणार होते. ते गाव अंगणात येऊन बसलं होतं. त्यांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली.

बकारामने सुशिलाबाईला फोनचं काही सांगितलं नाही. ती नव्या लुगड्याच्या पदराला गोंडे बांधत बसली होती.

तो वही घेऊन आंब्याखाली बसला. हे काही कोंबड्यांचं भांडण नव्हतं. इथे एका ओळीत भागणार नव्हतं, इथे पुरा प्रवेश लागणार होता. म्हणून त्याने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. वहीत लिहितात तसा, पात्रांच्या नावांसकट, कंसांसकट प्रवेश लिहिला. शब्दांमागे काय करायचं ते कळलं, तर वाक्य आपोआप मनातून येईल असा त्याचा हिशेब. टेकचंदचा भाग टेकचंदला, देवानंदचा देवानंदला. देवानंदला वेगळी ताकीद दिली की टेकचंदचं वाक्य आलं की थांब, पाणी पी, मग बोल. कंसातलं वगळायला त्याने दोघांनाही सांगितलं नाही. ते काय सांगायचं असतं? कंसातलं कोणी बोलतं का?

दुपारी ग्रुपवर टेकचंदचा मेसेज पडला. तो एका हाताने युरियाचं पोतं तोलत होता आणि दुसऱ्या हाताने आलं तसं चिकटवत होता.

‘टेकचंद : (थोडं थांबून, खालच्या आवाजात) देवानंदभाऊ, खड्डा बुजवायला उशीर झाला, हे खरं आहे. अध्यक्ष मी होतो. चूक माझी. (एक पाऊल पुढे येत) यंदा नाटक संपेल त्या सकाळी मी स्वतः फावडं घेऊन उभा राहीन. (इथे देवानंद बोलेपर्यंत गप्प. काहीही झालं तरी गप्प.)’

बकारामच्या हातातला पेला हातातच राहिला. आणि इतके दिवस कोणाचंच न ऐकणारा देवानंद आज नेमका आज्ञाधारक निघाला. तो थांबला, पाणी प्यायला, आणि त्याने टाकलं :

‘देवानंद : (मान वळवून, पण आतून विरघळला आहे, हे दिसलं पाहिजे) टेकचंदभाऊ, माती माझी असली तरी मंडई गावाची आहे. जागा घ्या. (मिठी. पार्श्वसंगीत.)’

पहिला जाब पुण्याहून विक्कीने विचारला, हे कोणत्या नाटकातलं आहे? मग ज्याच्या त्याच्या डोक्यात प्रकाश पडू लागला. दूधवाल्याने आपल्याला आलेला जुना खाजगी मेसेज ग्रुपवर टाकला. मनिरामच्या साळ्याने आपला टाकला. ओळीने ओरखडे उमटू लागले. रीताबाईंनी मनिरामला विचारलं, म्हणजे ते काळजाचं तू लिहिलं नव्हतंस? मी त्याच्यावर टोपलीभर वांगी दिली. मनिरामने कळवलं की वांगी तर खाऊन झाली.

हसू फार वेळ टिकलं नाही. देवानंदने लिहिलं, मी कोणाच्या नाटकातला नट नाही, जागा नाही म्हणजे नाही. टेकचंदने अध्यक्षपद सोडलं आणि ग्रुपही सोडला. आणि मग सगळा ग्रुप, वरचा आणि खालचा, एका सुरात म्हणू लागला की बकारामने बाहेर यावं आणि बोलावं. दुसऱ्याच्या तोंडून नाही. स्वतःच्या.

बकाराम मोबाइल घेऊन बसला. तो दोन शब्द लिही आणि पुसून टाकी. आयुष्यभर त्याने राजांना आणि भिकाऱ्यांना वाक्यं दिली होती, आणि आता स्वतःची वेळ आली तर वहीचं पान कोरं. सुशिलाबाई जवळ आली. तिने ग्रुप वाचला होता, आणि चंद्रकुमारांच्या फोनचंही त्याने तिला आता सांगितलं होतं. ती म्हणाली, लिहिता येत नसेल तर बोला, ते बटन दाबून धरा, मी सांगते.

सुशिलाबाईला बाकी सगळं येतं, फक्त कुजबुजता येत नाही. तिची कुजबुज म्हणजे तळ्याच्या पलीकडून गाय बोलावणं. ग्रुपवर जो आवाज पडला, तो असा होता.

आधी सुशिलाबाई, खणखणीत : ‘म्हना, चुकलो.’

मग बकाराम, कान देऊन ऐकावा लागेल असा : ‘चुकलो.’

‘काऊन चुकले ते सांगा.’

‘लोकायच्या तोंडी शब्द टाकले. न इचारता.’

‘कायले टाकले?’

‘मले वाटलं, नाटक व्हावं.’

‘कोनासाठी, ते सांगा ना जी. गावासाठी म्हना.’

इथे दूर कुठेतरी बकरी ओरडते.

‘गावासाठी नाई,’ बकाराम म्हणतो. ‘हिच्यासाठी. हिनं मले कधी ऐकलं नाई.’

‘अवो, हे नोका म्हनू—’ सुशिलाबाई म्हणते, आणि तिथेच बकारामचा अंगठा सुटतो.

चिंचबोडीत त्या दुपारी तो आवाज घराघरांत वाजला. काहींनी बकारामचं ऐकू यावं म्हणून फोन कानाला लावला आणि सुशिलाबाईच्या ‘म्हना’ने दचकून दूर धरला. लोक पोट धरून हसले. शेवटाला आले की मात्र जरा वेळ हसले नाहीत.

पहिल्या रीताबाई बोलल्या. त्यांनी लिहिलं, वाक्य बकारामचं असंल, पण कुंपण मनिरामनं स्वतःच्या हातानं बांधलं, त्याचे पाय काही बकारामनं चालवले नाहीत. वांगी माफ.

मग देवानंदच्या नावाखाली ‘टायपिंग’ दिसू लागलं. दिसलं, गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. अख्खा ग्रुप त्या हिरव्या अक्षरांकडे पाहत बसला, आणि गावात पहिल्यांदाच कोणी मध्ये बोललं नाही. बकारामची बोटं शिवशिवत होती. देवानंदला काय वाक्य हवं, ते त्याला दिसत होतं. सुशिलाबाईने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

शेवटी आलं : ‘(राग अजून हाये) जागा घ्या. माती त्यानंच टाकायची. सोता.’

आपल्याला ग्रुपमध्ये परत घ्यावं, असा टेकचंदचा निरोप आला, तेव्हा सुशिलाबाईने मोबाइल दिला. टेकचंदने आत येऊन लिहिलं, ‘(नाक मुरडून) टाकतो. चहा तुह्या घरचा पायजे. साखर कमी.’

सोमवारी सकाळी बकारामने चंद्रकुमारांना जागा पक्की झाल्याचं कळवलं.

तेव्हापासून चिंचबोडीच्या ग्रुपवर कंसाची साथ आली आहे. नुसता शब्द कसा म्हटला ते फोनवर दिसत नाही. ‘तुझं डोकं ठिकाणावर आहे का?’ हे हसत म्हटलं की कुऱ्हाड घेऊन, कसं कळणार? आता कळतं. दूधवाला लिहितो, ‘(हात जोडून) उद्या दूध उशिरा.’ मनिरामचा साळा लिहितो, ‘(तोंड पाडून) कोणाकडे जावयाला द्यायला बरं धोतर आहे का?’ सगळ्यांत जास्त चालतो तो ‘(पाणी पिऊन)’. तो वाचला की समोरचा समजतो, याला खूप काही म्हणायचं होतं आणि याने ते गिळलं आहे. एका पोराने नुसताच ‘(दात-ओठ खात)’ असा मेसेज टाकला, पुढे काहीच नाही. त्यावर दोन दिवस कौतुक चाललं होतं. भांडणं होतात, नाही असं नाही. खताचा विषय अजून मिटलेला नाही. पण कंसात खोटं लिहिताना हात जरा अडखळतो, आणि तेवढ्यात पाणी पिऊन होतं.

मंडई झाली. नाटक झालं. सकाळी उन्हं वर आली तेव्हा पाहुणे बैलगाड्या, मोटारसायकली आणि एस्टीने पांगत होते, आणि देवानंदच्या बांधीत टेकचंद इस्त्रीचा शर्ट घालून फावड्याने माती ओढत होता. कमिटीची पोरं घमेली घेऊन धावत होती, त्यांना त्याने कोपऱ्यातल्या मातीला हात लावू दिला नाही. देवानंद धुऱ्यावर उकिडवा बसून, तिकडे कमी आहे, इकडे उंच झालं, अशा सूचना करत होता.

बकाराम आणि सुशिलाबाई देवानंदच्या घरून चहाची किटली घेऊन येत होते. बकारामचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तो कधीपासून विचारायचं टाळत होता. शेवटी त्याने विचारलंच, कसं वाटलं?

सुशिलाबाईने लुगड्याचा काठ मातीतून उचलला. ‘काहीच आयकू नाई आलं,’ ती म्हणाली. ‘पहिल्या रांगेत, तुमच्या पत्र्याच्या म्होरं बसली होती मी. रातभर कान देऊन. एक शबद नाई.’

बकारामच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं टाळ्या घेताना नटाच्या चेहऱ्यावर असतं. प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू आला नाही, याहून मोठं बक्षीस त्याला कोण देणार होतं?

‘पन एक चुकलं तुमचं,’ ती पुढे म्हणाली. तिसऱ्या अंकात, उंबरठ्यावर, नटी एका वाक्यावर अडली होती. सुशिलाबाईला वाक्य पाठ होतं, भांडी घासताना शंभरदा ऐकलेलं. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ‘तुमी काऊन उशीर केला?’

‘उशीर नाई केला,’ बकाराम म्हणाला. ‘तिले आठवते का, ते पाहून राहिलो होतो.’

‘मग?’

‘आठवलं ना तिले.’

सुशिलाबाईला ते आवडलं असावं, कारण ती काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही असं सहसा होत नाही.

बांधीत टेकचंदने कंबर सरळ केली. देवानंदने पुन्हा एक कोपरा दाखवला होता. टेकचंदचं तोंड उघडलं. ते हिंदीकडे वळतंय, हे धुऱ्यावरून सगळ्यांना दिसलं. त्याने फावडं टेकवलं, जमिनीवर ठेवलेली बाटली उचलली आणि गटागटा पाणी प्यायला. मग तो मुकाट्याने त्या कोपऱ्याकडे गेला.

देवानंद ते पाहत होता. आता इथे कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. बकारामने किटली खाली ठेवली, त्याच्या मागे उकिडवा बसला, आणि त्याच्या तोंडून आपोआप, नटापर्यंत पोचेल आणि पुढे जाणार नाही अशा आवाजात, निघून गेलं, ‘ये गा टेकचंद, चहा थंडा होऊन राहिला.’

देवानंदने मागे वळूनही पाहिलं नाही.

‘तू कंसात राय, बकाराम,’ तो म्हणाला. फावड्याचा आवाज येत होता. आणि मग त्याने आपल्याच रांगड्या आवाजात, बांधीच्या पलीकडे जाईल असं ओरडून सांगितलं, ‘पुरे कर गा. बाकीचं मी टाकतो. साखर कमीच टाकली हाये.’